चुकून मागितलेली ईआरसी मागे घेताना: आयआरएसच्या सोयीचं परीक्षण

अमेरिकेच्या कर खात्याचं, म्हणजे आयआरएसचं, कुठलंही काम म्हटलं की आधी फॉर्म, मग त्या फॉर्मच्या सूचनांचं बाड, मग त्या सूचना समजावणारं आणखी एक पत्रक, हा क्रम ठरलेला. कोविडकाळातल्या ईआरसी या करसवलतीचा चुकीचा क्लेम मागे घ्यायला मात्र नवा फॉर्मच लागत नाही. आधी पाठवलेल्या अर्जाची प्रत काढायची, समासात एक शब्द लिहायचा, सही करायची आणि फॅक्स करायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेली ही सोय त्या खात्याच्या कारभारात विरळाच म्हणायची. दुखणं वेगळंच आहे. ती ज्यांच्या कामाची आहे त्यांच्यापैकी अनेकांना ती ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते ते बरेचदा तिच्या अटींत बसत नाहीत.

एम्प्लॉयी रिटेन्शन क्रेडिट (ईआरसी) म्हणजे कोविडच्या काळात माणसं न काढता पगार चालू ठेवणाऱ्या मालकांना पेरोल टॅक्समध्ये (पगारावरच्या करात) मिळालेली सूट. २७ मार्च २०२० च्या केअर्स कायद्याने ती आली. २०२० साठी माणशी वर्षाच्या पहिल्या १०,००० डॉलर पगारावर ५० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ५,००० डॉलर. २०२१ मध्ये दर तिमाहीच्या १०,००० डॉलरवर ७० टक्के, म्हणजे तिमाहीला ७,००० आणि पहिल्या तीन तिमाहींचे मिळून २१,०००. चौथी तिमाही फक्त ‘रिकव्हरी स्टार्टअप’ गटातल्या नव्या धंद्यांपुरती राहिली. दोन्ही वर्षांची बेरीज माणशी २६,००० डॉलर, आणि नेमका हाच आकडा टक्केवारीवर काम करणाऱ्या एजंटांनी रेडिओपासून ईमेलपर्यंत सगळीकडे वाजवला. पात्रतेच्या अटी मात्र त्यांच्या जाहिरातीत कधी दिसल्या नाहीत.

चूक कुठे झाली हे ओळखल्याशिवाय दुरुस्तीचा रस्ता ठरत नाही, म्हणून नेहमीच्या चुका आधी पाहू. न्यू जर्सीपासून टेक्ससपर्यंत मराठी मंडळींच्या ज्या छोट्या आयटी कन्सल्टिंग कंपन्या आहेत, त्यांच्याबाबत पहिली चूक ठरलेली: ‘लॉकडाऊन होता, म्हणजे धंदा बंद होता.’ सरकारी आदेशाने ऑफिसला कुलूप लागलं, पण सगळे घरून तेच काम जवळपास तसंच करत राहिले, तर तो धंदा थांबला असं नियम मानत नाही. मग उरतो उत्पन्न घटल्याचा निकष. २०२० मध्ये २०१९ च्या त्याच तिमाहीपेक्षा निम्म्याहून जास्त घट हवी, २०२१ मध्ये २० टक्क्यांहून जास्त. क्लायंटकडून बिलिंग सुरळीत चालू असलेल्या कंपनीला हे आकडे गाठणं अवघड. ‘माल वेळेवर मिळत नव्हता’ हे कारणही एजंटांनी सर्रास वापरलं. पुरवठादाराचं कामच सरकारी आदेशाने थांबलं होतं आणि त्यामुळे आपलंही थांबावं लागलं, हे दाखवता आलं तरच ते चालतं. बंदरात कंटेनर अडकले होते, एवढ्यावर नाही.

घरचा धंदा असेल तर आणखी एक खाचखळगा आहे. ५० टक्क्यांहून जास्त मालकी असलेल्या माणसाच्या भाऊ-बहीण, आई-वडील, मुलं, पुतणे-भाचे, सासू-सासरे यांना दिलेला पगार ईआरसीत धरता येत नाही. खुद्द मालकाचा आणि त्याच्या नवरा-बायकोचा पगारही बहुतेक वेळा बाद होतो, कारण मालकी नात्यांतून मोजली जाते: मालकाचा एखादा सख्खा भाऊ किंवा मूल हयात असलं तरी ती त्यांचीही धरली जाते आणि मालक त्यांचा ‘नातेवाईक’ ठरतो. म्हणजे जगात कुणीच सख्खं नसलेल्या मालकालाच स्वतःच्या पगारावर क्रेडिट! नियम लिहिणाऱ्यांना हे हसू आणणारं वाटलं नसावं. पेरोलवर वहिनी, मेहुणा आणि कॉलेजात जाणारा मुलगा असलेल्या आपल्याकडच्या कंपन्यांत हा आकडा लहान नसतो.

याशिवाय पीपीपी हे कोविडकाळातलं सरकारी कर्ज माफ करून घेताना दाखवलेले पगार पुन्हा ईआरसीसाठी वापरणं, आणि एकाच मालकाच्या मोटेल, गॅस स्टेशन, दुकान अशा तीन एलएलसी वेगवेगळ्या मोजणं, याही चुका वारंवार आढळतात. समान ताबा असलेल्या कंपन्या एकच मालक धरून मोजाव्या लागतात. एका दुकानाची विक्री पडली पण मोटेलची वाढली, तर दोन्ही मिळून घट भरते का हे पाहायचं.

आता खुद्द सोयीकडे. क्लेम मागे घेण्यासाठी चार गोष्टी एकदम जुळाव्या लागतात. क्लेम हा पेरोल टॅक्सच्या तिमाही रिटर्नच्या (फॉर्म ९४१) दुरुस्ती-अर्जावर, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत फॉर्म ९४१-एक्सवर केलेला असावा. त्या अर्जात ईआरसीशिवाय दुसरी कुठलीही दुरुस्ती नसावी. त्या अर्जातली सगळीच्या सगळी रक्कम सोडायची तयारी असावी. आणि पैसे अजून आलेले नसावेत, किंवा चेक आला असला तरी तो बँकेत भरलेला नसावा.

तिसऱ्या अटीचा अर्थ पुष्कळजण चुकीचा लावतात. ‘सगळी रक्कम’ म्हणजे त्या एका तिमाहीच्या अर्जातली. दर तिमाहीचा ९४१-एक्स वेगळा असतो, त्यामुळे २०२१ ची पहिली तिमाही खरोखर पात्र आणि दुसरी-तिसरी अपात्र असेल, तर पहिलीला हात न लावता बाकीच्या दोन पूर्ण मागे घेता येतात. पण एकाच तिमाहीत दहा माणसांपैकी फक्त वहिनींचा पगार चुकून धरला गेला असेल, तर ही सोय बंद. तिथे रक्कम कमी करणारा नवा ९४१-एक्सच भरावा लागतो. इथे आयआरएसने थोडा हात सैल सोडायला हवा होता. अर्धवट चूक करणाऱ्यापेक्षा पूर्ण चूक करणाऱ्याचं काम सोपं, असा उलटा न्याय झाला आहे.

फॅक्सला हात लावण्याआधी दर तिमाहीचा अकाउंट ट्रान्सक्रिप्ट (आयआरएसकडचा खातेउतारा) काढा. फॉर्म ४५०६-टी भरून मागवता येतो किंवा अधिकारपत्र असलेला सीपीए (परवानाधारक हिशेबनीस) काढून देतो. त्यात ८४६ हा कोड दिसला तर रिफंड निघालेला आहे आणि चेक वाटेत किंवा कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये आहे. ९७७ दिसला तर दुरुस्तीचा अर्ज खात्यावर नोंदला गेला आहे. ही पायरी गाळल्यामुळेच सर्वात मोठा घोळ होतो: मालक क्लेम मागे घेण्याचा फॅक्स करतो, त्याच आठवड्यात चेक येतो आणि बुककीपर नेहमीच्या सवयीने तो फोनवरून बँकेत भरून टाकतो. चेक भरला की सोय संपली. तेव्हा क्लेम मागे घ्यायचं ठरलं की ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवा की ट्रेझरीचा कुठलाही चेक विचारल्याशिवाय भरायचा नाही.

पैसे आलेले नसतील तर कृती अशी. मूळ पाठवलेल्या ९४१-एक्सची प्रत काढा. पहिल्या पानाच्या डाव्या समासात इंग्रजीत ‘विदड्रॉन’ लिहा. उजव्या समासात अधिकृत व्यक्तीने सही करून तारीख घालायची, आणि सहीशेजारी नाव व पद स्वच्छ अक्षरांत. कॉर्पोरेशन असेल तर अध्यक्ष, उपाध्यक्ष किंवा तशाच पदावरचा अधिकारी. एकल मालकी असेल तर मालक स्वतः. ऑफिस मॅनेजरची सही चालत नाही. ही प्रत ८५५-७३८-७६०९ या खास फॅक्स लाइनवर पाठवायची. तिमाही तीन असतील तर हेच तीनदा, आणि तिन्ही वेगळ्या फॅक्सने पाठवलेलं बरं, म्हणजे पानं एकमेकांत मिसळत नाहीत. पाठवण्याआधी क्रमांक आयआरएसच्या संस्थळावर ताडून घ्या; ‘आम्ही तुमचा क्लेम मागे घेऊन देतो’ म्हणत फी मागणारेही बाजारात आहेत, आणि या कामाला फी द्यावी असं त्यात काहीच नाही. काळी शाई वापरा. निळ्या शाईची फिकट सही आणि पुसट ईआयएन (मालकाचा कर-क्रमांक) फॅक्समधून जाताना नाहीसे होतात. फॅक्सच नसेल तर टपालाने पाठवता येतं, पण ते सावकाश चालतं. फॅक्सची पोचपावती छापून अर्जाच्या प्रतीला लावून ठेवा.

चेक हातात आहे पण भरलेला नाही, तर वर सांगितलेली सही केलेली प्रत तयार करायचीच, पण फॅक्स करायची नाही. चेकच्या मागच्या बाजूला जिथे सही करतात तिथे ‘व्हॉइड’ लिहायचं. एका चिठ्ठीवर ‘ईआरसी विदड्रॉल’ लिहून खाली परत करण्याचं कारण दोन ओळींत. सगळ्याच्या प्रती काढून घ्यायच्या आणि मूळ कागद चेकसह सिनसिनाटीच्या रिफंड इन्क्वायरी युनिटला पाठवायचे: पी. ओ. बॉक्स १४५५००, मेल स्टॉप ५३६जी, सिनसिनाटी, ओहायो ४५२५०. चेकला स्टेपल नको, पेपर क्लिप नको, घडीही नको. चेकमध्ये व्याज मिसळलेलं असतं. ते वेगळं काढून ठेवण्याचा विचार कुणी करू नये, चेक जातो तो अख्खाच. पाकीट माग काढता येईल अशाच टपालसेवेने धाडा.

ऑडिट सुरू असेल तर फॅक्स लाइन विसरा. परीक्षक नेमलेला असेल तर प्रत थेट त्याच्याकडे जाते. नुसती ऑडिटची नोटीस आली असेल, तर त्या नोटिशीला उत्तर देताना सोबत जोडायची.

यानंतरचा भाग या सोयीचा सर्वात कच्चा दुवा. विनंती पाठवली म्हणजे क्लेम मागे गेला असं होत नाही. आयआरएसचं स्वीकृतीचं पत्र आलं की मगच. हे पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, की माणूस वाट पाहत बसतो. ऑफिस हलवलं असेल तर फॉर्म ८८२२-बी आधी भरा. एजंटने २०२१ किंवा २०२२ मध्ये फॉर्म २८४८ या अधिकारपत्रावर तुमची सही घेतली असेल, तर तुमच्या पत्रांच्या प्रती आजही त्याच्याकडे जात असतील. त्या फॉर्मच्या पहिल्या पानावर वरती ‘रिव्होक’ लिहून, सही-तारीख घालून तो रद्द करता येतो. फॉर्म ८८२१ (तुमची करविषयक माहिती पाहण्याची परवानगी) दिला असेल तर त्याचंही तसंच. एजंटशी झालेला करार मात्र आयआरएसच्या पत्राने रद्द होत नाही. फी अर्ज भरताना लागू होते की रिफंड मिळाल्यावर, हे कराराच्या मजकुरात शोधा. ‘रिफंडच्या टक्केवारीने’ असं असेल आणि रिफंडच नसेल, तर वाद घालायला जागा आहे. येणाऱ्या रिफंडवर कुणाकडून उचल घेतली असेल, तर तो सावकार वेगळाच विषय.

स्वीकृती मिळाली की फायदा मोठा: तो क्लेम कधी केलाच नव्हता असं धरलं जातं, दंड नाही, व्याज नाही. जाणूनबुजून खोटा क्लेम करणाऱ्याला मात्र यातून फौजदारी संरक्षण मिळत नाही. ज्याला मनातून ठाऊक आहे की आकडे बनवले होते, त्याने फॅक्स मशीनकडे जाण्याआधी कर-वकिलाकडे जावं, सीपीएकडेही नंतर. वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय राहतं. सीपीएच्या बाबतीत फौजदारी प्रकरणात तसं संरक्षण नाही. सोपेपणाला दहापैकी नऊ गुण, कळवाकळवीला चार.

चेक भरून पैसे खर्च झालेल्यांसाठी काय? त्यांच्यासाठी आयआरएसने दोनदा ‘व्हॉलंटरी डिस्क्लोजर प्रोग्रॅम’ उघडला. पहिला २१ डिसेंबर २०२३ ते २२ मार्च २०२४, त्यात ८० टक्के परत करायचे होते. दुसरा १५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर २०२४, फक्त २०२१ च्या तिमाहींसाठी, ८५ टक्के. उरलेला हिस्सा मालकाकडेच, आणि त्यावर कर नाही. कारण सरळ होतं: एजंटाची फी आधीच कापली गेली होती, ती मालकाच्या खिशात कधी आलीच नव्हती. बदल्यात एजंटाचं नाव-पत्ता द्यावा लागे. दहा माणसं, २०२१ च्या तीन तिमाही, म्हणजे २,१०,००० डॉलर. पहिल्या फेरीत १,६८,००० भरून सुटका होती, दुसरीत १,७८,५००. पहिल्या फेरीत २,६०० हून अधिक अर्ज येऊन १.०९ अब्ज डॉलरची चुकीची क्रेडिट्स उघड झाली, यावरून योजना किती अचूक बेतली होती हे कळतं. आता दोन्ही दारं बंद आहेत. ‘८५ टक्क्यांत मिटवून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याला दरवाजा दाखवा.

आता उरलेला मार्ग ९४१-एक्सचाच, आणि तो पूर्ण रकमेचा. इथे तपशील सांभाळावा लागतो. क्लेम करताना भाग १ मध्ये दुसऱ्या ओळीचा, म्हणजे रिफंड मागण्याचा चौकोन भरला होता. आता पहिल्या ओळीचा, कमी भरलेला कर दुरुस्त करण्याचा चौकोन भरायचा. ईआरसीचे आकडे दोन ठिकाणी असतात: परत न मिळणारा (मालकाच्या देय करातून वजा होणारा) भाग ओळ १८ए, परत मिळणारा २६ए. पात्र पगार ओळ ३० वर आणि आरोग्यविम्याचा खर्च ३१ए वर. आवृत्ती बदलली की ओळी सरकू शकतात, म्हणून जुन्या अर्जाची प्रत समोर ठेवूनच भरा. ३० जून २०२१ पर्यंत परत न मिळणारा भाग मालकाच्या ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीशी निगडित होता, १ जुलै २०२१ पासून तो १.४५ टक्के मेडिकेअरशी. तिमाही ओलांडून तोच हिशेब चिकटवला तर दोन्ही ओळी चुकतात. सर्वात महाग पडणारी चूक स्तंभ २ मध्ये होते. तिथे ‘आधी कळवलेली किंवा आधी दुरुस्त केलेली’ रक्कम लिहायची असते, म्हणजे एजंटच्या ९४१-एक्समधली. पुष्कळजण मूळ ९४१ उघडतात, तिथे ईआरसी शून्य दिसते, आणि फरक शून्य येतो. अर्ज जातो, काहीच दुरुस्त होत नाही. ओळ ४३ वर कारण मोघम नको: कुठल्या निकषावर क्लेम केला, तो का लागू होत नाही, किती पगार वजा केला. पैसे ईएफटीपीएसने (सरकारच्या ऑनलाइन करभरणा व्यवस्थेने) भरताना वर्ष आणि तिमाही तपासा, नाहीतर रक्कम चालू तिमाहीत जमा होते आणि जुन्या तिमाहीची नोटीस येतच राहते. पगारपत्रक पीईओ (दुसऱ्यांचं पेरोल सांभाळणारी कंपनी) चालवत असेल आणि क्लेम त्यांच्या ईआयएनखाली गेला असेल, तर यातलं काहीच तुम्हाला थेट करता येत नाही. दुरुस्ती त्यांनीच करायची.

मुदतीबद्दल एक मोठा बदल ४ जुलै २०२५ च्या ‘वन बिग ब्युटिफुल बिल’ कायद्याने झाला. २०२१ च्या तिसऱ्या आणि चौथ्या तिमाहीचे जे क्लेम ३१ जानेवारी २०२४ नंतर दाखल झाले आणि ४ जुलै २०२५ पर्यंत दिले गेले नव्हते, ते आता मिळणार नाहीत. त्याच तिमाहींसाठी कर आकारण्याची मुदत सहा वर्षं झाली, आणि ती क्लेम केल्याच्या तारखेपासूनही मोजली जाऊ शकते. आधीच्या तिमाहींना साधारण तीन वर्षांचा नियम लागतो, पण चुकून दिलेला रिफंड सरकार दावा लावून वसूल करू शकतं आणि फसवणूक किंवा खोटी माहिती असेल तर त्या दाव्याची मुदत वाढते. तेव्हा ‘तीन वर्षं झाली, सुटलो’ हे गणित स्वतः मांडू नका. नामंजुरीचं १०५-सी पत्र आलेलं असेल आणि क्लेम खरा वाटत असेल, तर कोर्टात जायला पत्राच्या तारखेपासून दोन वर्षं असतात. नुसतं अपील केल्याने ते घड्याळ थांबत नाही, मुदत वाढवण्याच्या फॉर्म ९०७ वर दोन्ही बाजूंच्या सह्या व्हाव्या लागतात.

शेवटचं काम आयकराचं, आणि बहुतेक ठिकाणी तेच राहून जातं. ईआरसी घेतली की त्या वर्षाच्या पगारखर्चातून तेवढी रक्कम वजा करायची असते. वरच्या उदाहरणातली कंपनी सी कॉर्पोरेशन (स्वतः आयकर भरणारी कंपनी) असेल आणि तिने २,१०,००० वजा केले असतील, तर २१ टक्क्यांनी ४४,१०० डॉलर जास्त कर भरला गेला, तोही अशा पैशावर जो आता त्यांच्याकडे नाही. तो परत मागायला ११२०-एक्स, म्हणजे कंपनीचं सुधारित रिटर्न. एस कॉर्पोरेशन किंवा भागीदारी असेल तर सुधारित के-१ (प्रत्येक मालकाच्या वाट्याची पत्रकं) निघतात आणि प्रत्येक मालकाचा १०४०-एक्स, म्हणजे वैयक्तिक सुधारित रिटर्न. २०२१ च्या रिटर्नची तीन वर्षांची मुदत बहुतेकांची उलटली आहे. मार्च २०२५ मध्ये आयआरएसने नामंजूर झालेल्या क्लेमपुरता सुटकेचा रस्ता दिला: नामंजुरी अंतिम होईल त्या वर्षाच्या रिटर्नमध्ये पगारखर्च तेवढाच वाढवून दाखवायचा, जुनं रिटर्न उघडायचं नाही. ज्यांनी रिफंड घेतला, तो कायम ठेवला, पण पगारखर्च कमीच केला नव्हता, त्यांनी ती रक्कम पैसे मिळाले त्या वर्षाचं उत्पन्न म्हणून दाखवायची. फेडरल रिटर्न बदललं की राज्याचंही बदलावं लागतं. सीपीएला दोन्हींचं काम एकाच वेळी द्या, म्हणजे राज्याच्या नोटिशीसाठी पुन्हा तीच फाइल उघडावी लागत नाही.